पेरूचा हिवाळी बहार

श्रावण अर्धा सरला की आमच्या इंदूरच्या घराच्या परसात एक आंबूस दर्प भरून राहत असे. पेरूच्या झाडाखाली पिवळ्या फळांचा सडा पडलेला असे आणि त्यावर माश्या घोंघावत असत. एखादे टपोरे, डागही न पडलेले फळ उचलून फोडावे, तर आत पांढऱ्या अळ्या वळवळत असत. त्यातूनही जे फळ निर्दोष निघे, ते दाताखाली पाणचट लागे. शेजारची मुले, जी एरवी कुणाच्याही कुंपणावर चढण्यास मागेपुढे पाहत नाहीत, तीदेखील आमच्या पेरूकडे वळेनाशी झाली होती.

झाड माझ्या सासऱ्यांनी लावलेले. ते गेल्यावर काही वर्षांनी घरात नवी गाडी आली आणि तिच्यासाठी जागा शोधताना सर्वांची दृष्टी पेरूवर गेली. ज्याची फळे कुणी खात नाही, ते झाड हवे कशाला, असा मुलांचा सरळ हिशेब होता. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "गणपतीपुढच्या पाच फळांत पेरू आपल्या घरचा असतो. तो कुठून आणणार, ते आधी सांगा." या प्रश्नाला बाजार हे उत्तर होते, पण ते त्यांना देण्याचे धैर्य कुणास झाले नाही. निर्णय पुढच्या वर्षावर ढकलला गेला.

त्या मुदतीत मला जे कळले ते थोडक्यात असे : झाड वाईट नव्हते, आम्ही त्याचा चुकीचा बहार खात होतो. पेरू पावसाळ्यात भरपूर येतो, परंतु चांगला येतो तो हिवाळ्यात. आणि हिवाळ्यातला पेरू हवा असेल, तर पावसाळ्यातल्या पेरूवर आपल्या हाताने पाणी सोडावे लागते.

तीन बहार, एक झाड

आपल्या बागाईतदारांनी फळझाडांच्या बहारांना पंचांगातली आणि ऋतूंतली नावे दिली आहेत. आंब्याला मोहोर येतो त्या सुमारास, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, पेरूवर जी फुले येतात तो आंबे बहार; त्याची फळे जुलै ते सप्टेंबरमध्ये हाती येतात. सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तेव्हापासून, जून-जुलैत, फुले येतात तो मृग बहार. त्याची फळे नोव्हेंबर ते जानेवारीत मिळतात. हस्ताच्या पावसाच्या सुमारास, ऑक्टोबरात, फुलणारा तो हस्त बहार. त्याची फळे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तयार होतात. फुलापासून पक्व फळापर्यंत साधारण चार ते पाच महिने लागतात, असे धरले की हा हिशेब सहज लक्षात राहतो.

मोकळे सोडलेले झाड यांपैकी दोन-तीन बहार थोडेथोडे घेते, आणि त्यांत आंबे बहाराचा वाटा बहुधा मोठा असतो. याच फळांवर संकटे अधिक. आभाळ झाकोळलेले, मुळाशी पाणी साचलेले, अशा दिवसांत फळात गोडी साठत नाही. ते भराभर पिकते आणि सडते. फळमाशीला तर ही पर्वणीच असते. पिकू लागलेल्या फळाच्या सालीखाली मादी अंडी घालते. अळ्या गरावर वाढतात, गळालेल्या फळातून बाहेर पडून मातीत शिरतात, तेथे कोशात जातात आणि नव्या माश्या होऊन पुन्हा झाडावर येतात. म्हणजे आम्ही जे फळांचे सडे तसेच कुजू देत होतो, ते पुढच्या पिढीचे पाळणेच होते.

मृग बहाराचे फळ याच्या उलट परिस्थितीत पोसते. पाऊस सरलेला, ऊन स्वच्छ, रात्री गार आणि फळमाशीचा जोर ओसरलेला. फळ सावकाश पिकते, गर घट्ट राहतो, गोडी आणि सुवास भरतो. काही जातींच्या सालीवर तांबूस छटा चढते, तीही थंड रात्रींमुळेच. 'क' जीवनसत्त्वासाठी पेरूची ख्याती आहे. शंभर ग्रॅम फळात ते दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे संत्र्याच्या कितीतरी पट असते, आणि हिवाळी फळात ते पावसाळी फळापेक्षा अधिक असते.

पण झाडाच्या अंगातली शक्ती एकच. तिने पावसाळ्यात फांद्या लगडल्या, तर हिवाळ्यासाठी फारसे काही उरत नाही. म्हणून बागाईतदार 'बहार धरतो', याचाच अर्थ दुसरा बहार सोडून देतो.

मोरीच्या पाण्याची गोष्ट

बहार धरण्याची जुनी रीत म्हणजे झाडाला ताण देणे. फेब्रुवारीपासून मेच्या मध्यापर्यंत पाणी तोडावयाचे. पाने पिवळी पडून काही गळतात, आंबे बहाराची फुले व कोवळी फळे झडतात, वाढ थांबते. मग आळे हलके खणून खत घालावयाचे आणि पाणी द्यावयाचे किंवा पावसाची वाट पाहावयाची. विसावलेले झाड जोमाने फुटते आणि त्या नव्या फुटीवर फुले येतात.

पहिल्या वर्षी मी हेच केले. होळीपासून झाडाला एक तांब्याही पाणी घातले नाही आणि घरातल्या प्रत्येकाला तसे बजावले. झाड मात्र हिरवेगार राहिले, फुलले, आणि श्रावणात पुन्हा तोच सडा पडला. कारण लक्षात आले तेव्हा मला माझेच हसू आले. आपल्या जुन्या घरांत पेरूचे, केळीचे, अळूचे स्थान ठरलेले असते ते मोरीच्या तोंडाशी. आमच्या पेरूला रोजच्या आंघोळीचे आणि भांडी घासल्याचे पाणी अखंड मिळत होते. त्यातून माळव्याची काळी माती. एकदा प्यालेले पाणी ती लवकर सोडीत नाही. अशा झाडाला ताण बसणार तरी कसा?

शेतातल्या बागेची रीत परसातल्या झाडाला जशीच्या तशी लागू पडत नाही, हा पहिला धडा. मोरीचे पाणी तीन महिने दुसरीकडे वळविता येत असेल तर अवश्य वळवावे. भारी जमिनीत ताण बसण्यास बराच काळ लागतो, हलक्या मुरमाड जमिनीत तुलनेने लवकर बसतो. काही बागाईतदार भारी जमिनीत मुळांवरची माती काढून ती उघडी करतात व बारीक मुळ्या छाटतात. घरच्या एकुलत्या एका झाडावर हा प्रयोग करू नये. मुळांना झालेल्या जखमा मर रोगाला वाट करून देतात, आणि मर लागलेले पेरूचे झाड सहसा वाचत नाही.

अक्षय तृतीयेची छाटणी

ज्या झाडाला ताण देता येत नाही, त्याच्यासाठी छाटणी हा खात्रीचा उपाय आहे. तो समजण्यासाठी पेरूचा एक स्वभाव ध्यानी घ्यावा. आंबा मागील हंगामातल्या पक्व फांदीच्या टोकाला मोहोरतो; पेरूची फुले मात्र त्याच हंगामातल्या नव्या फुटीवर, पानांच्या बेचक्यांत येतात. नवी फूट नाही तर फूल नाही. म्हणून फूट केव्हा निघावी हे ज्याच्या हाती, त्याच्या हाती बहार.

वसंतात निघालेल्या फुटी एप्रिलच्या अखेरीस वीतभर किंवा त्याहून लांब झालेल्या असतात आणि त्यांवर कळ्या, फुले, सुपारीएवढी फळे दिसतात. साधारण 20 एप्रिल ते 10 मे या काळात, म्हणजे अक्षय तृतीयेच्या मागेपुढे, या प्रत्येक नव्या फुटीचा अर्धा भाग धारदार सिकेटरने छाटावा. उरलेल्या अर्ध्या भागावरची फुले व फळे हाताने खुडून टाकावी. जुन्या जाड फांद्यांना हात लावू नये. छाटावयाची ती पेन्सिलीएवढी किंवा त्याहून बारीक, हिरवी, कोवळी काडीच. दोन-तीन आठवड्यांत छाटलेल्या टोकाखालचे डोळे फुटतात, आणि त्या कोवळ्या फुटीवर मृगाच्या पावसात कळ्या धरतात.

मोठ्या बागांतून हे काम युरियाच्या दाट द्रावणाच्या फवारणीने करतात. दहा लिटर पाण्यात एक किलो या प्रमाणात फवारले की पाने व फुले करपून गळतात. पण घराजवळ, तुळशीच्या आणि वाळत घातलेल्या कपड्यांच्या शेजारी, हा उपाय बरा नव्हे. एका झाडाला दोन हात आणि दोन सकाळी पुरतात.

वेळेच्या बाबतीत मात्र सूट नाही. दुसऱ्या वर्षी मी लग्नसराईच्या गडबडीत छाटणी लांबविली आणि पाऊस सुरू झाल्यावर जूनच्या अखेरीस ती केली. झाड जोमाने वाढले, पण नुसत्या पालवीने. फुले आली ती उशिरा आणि तुरळक, आणि त्यांची फळे उन्हाळ्याच्या तोंडाशी लिंबाएवढीच राहिली. त्या वर्षी ना पावसाळी पेरू मिळाला, ना हिवाळी. मुलांनी गाडीच्या जागेचे मोजमाप पुन्हा काढले.

गणपतीची फांदी

तिसऱ्या वर्षी अक्षय तृतीयेला चार दिवस अवकाश असताना मी शिडी लावली. झाड पांढऱ्या फुलांनी भरून गेले होते. सासूबाई ओट्यावर येऊन बसल्या होत्या. पहिल्या फांदीवरची फुले खुडली तशा त्या म्हणाल्या, "दोन वर्षं बघते आहे मी. भरलेलं झाड ओरबाडायचं, हे कुठलं शास्त्र गं?"

मी त्यांना हिवाळी फळाचे गुण सांगू लागले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि भाद्रपदात देवापुढे काय ठेवशील?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. छाटणी म्हटली की ती संपूर्ण, असेच मी धरून चालले होते. शेवटी त्यांनीच तोड काढली. ओट्याकडे झुकलेली एक फांदी दाखवून त्या म्हणाल्या, "ही गणपतीची. हिला हात लावू नकोस. बाकीचं झाड तुझं."

पुढे विचार करता या तोडीत शास्त्रही आहे, असे ध्यानी आले. पेरूच्या फांद्या बऱ्याच अंशी आपापल्या हिशेबाने वागतात. जी छाटाल ती फुटेल, जी सोडाल तिची फळे राहतील. एका फांदीवर दहा-बारा फळे राहिल्याने सगळ्या झाडाचा हिवाळी बहार बुडत नाही. धोका एकच, की तेवढ्या फळांवर फळमाशी पोसते. म्हणून त्या फांदीवरचे प्रत्येक फळ लिंबाएवढे होताच मी जुन्या मलमलीच्या पिशवीत बांधले. त्या वर्षीच्या पाच फळांतला पेरू घरचा होता, आणि कापल्यावर आत अळी नव्हती. सासूबाईंनी तो स्वतः कापला, पाहिला, आणि काही बोलल्या नाहीत.

बहार धरल्यावरची निगा

छाटणी झाली की काम संपले असे नव्हे. मेच्या अखेरीस आळ्यातली माती वरवर मोकळी करावी. त्यामुळे फळमाशीचे कोश उन्हात उघडे पडतात आणि पक्षी ते वेचतात. मृगाचा पहिला पाऊस पडला की पूर्ण वाढलेल्या झाडास चाळीस-पन्नास किलो चांगले कुजलेले शेणखत द्यावे. ते बुंध्याशी न घालता फांद्यांचा घेर जेथे संपतो त्या वर्तुळात घालावे, कारण अन्न घेणाऱ्या मुळ्या तेथे असतात. रासायनिक खत देणार असाल तर स्फुरद व पालाश या वेळी, आणि नत्र निम्मे या वेळी व निम्मे फळे धरल्यावर द्यावे. पाऊस लांबला तर एक-दोन पाणी द्यावे. ताणाचे दिवस आता संपलेले असतात.

पाने लहान राहून शिरांमधला भाग पिवळा पडत असेल, तर जस्ताची उणीव समजावी. दहा लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम झिंक सल्फेट आणि पंचवीस ग्रॅम कळीचा चुना मिसळून फवारावे. खोडावर भुश्शाची जाळीदार नळी दिसली, तर आत साल खाणारी अळी आहे असे ओळखावे. जाळी झाडून काढावी, छिद्रात लोखंडी तार घालून अळी मारावी आणि छिद्र चिखलाने लिंपावे.

फळे सुपारीएवढी झाली की एका काडीवर दाटीने आलेली काढून एक-दोनच ठेवावी. संख्या घटते, पण आकार आणि गोडी वाढते. पडलेले प्रत्येक फळ त्याच दिवशी उचलून दोन फूट खोल पुरावे. खतखड्ड्यात वरवर टाकून उपयोग नाही. मिथिल युजेनॉलची गोळी लावलेला फळमाशीचा सापळा टांगल्यास नर माश्या त्यात सापडतात. तो झाडे फुलण्याच्या सुमारासच लावावा, फळे किडल्यावर नव्हे.

फार उंच, आतून अंधारलेले जुने झाड असेल, तर नुसत्या काडीछाटणीने काम भागत नाही. मधल्या एक-दोन उभ्या फांद्या काढून गाभ्यात ऊन पोहोचवावे आणि मोठ्या जखमांवर बोर्डो मलम लावावे. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी हे त्याचे प्रमाण. एका झाडापुरते त्याच्या दशांशाने केले तरी उरते. उंच गेलेली लवचिक फांदी तोडण्याऐवजी दोरीने आडवी वाकवून बांधली, तर तिच्या पाठीवरचे डोळे फुटतात व त्यांवरही फुले येतात. आणि लहान रोपावर हे कोणतेच प्रयोग करू नयेत. झाड चार वर्षांचे होईपर्यंत त्याला नुसते वाढू द्यावे.

जेथे आपण आहोत तेथे

आपल्या वाचकांची घरे निरनिराळ्या मातीवर उभी आहेत, तेव्हा थोडा फरक ज्याने त्याने करावयाचा. माळव्याच्या काळ्या जमिनीत ताणावर विसंबू नये, छाटणीच करावी. बडोद्याच्या गोराडू जमिनीत आणि हैदराबादच्या तांबड्या, वाळूमिश्रित जमिनीत पाणी तोडताच ताण बसतो. तेथे तो अति होऊ नये हे पाहावे. ग्वाल्हेरची थंडी फळाला मानवते, पण कडाक्याच्या रात्री कोवळ्या रोपांवर आच्छादन हवे. बेळगावच्या पश्चिमेला आणि गोव्यात पाऊस लवकर येतो आणि धुवाधार येतो. तेथे छाटणी एप्रिलमध्येच उरकावी आणि आळ्यात पाणी साचू न देण्यासाठी चर काढावा, कारण पेरूला थोडी उपासमार सोसते, तुंबलेले पाणी सोसत नाही.

नाव तरी या फळाचे कुठे एक आहे? इंदुरात त्याला जाम म्हणतात, बडोद्यात जामफळ, हैदराबादेत तेलुगू शेजारी पुन्हा जाम म्हणतात, आणि ग्वाल्हेरच्या बाजारात तो अमरूद होतो. गोव्यात तो पेर, आणि त्याची नाताळात होणारी घट्ट वडी ती पेराड. अमेरिका खंडातून पोर्तुगीजांबरोबर आलेले हे झाड ज्या गावी गेले, त्या गावचे झाले.

नवे झाड लावावयाचे असेल तर बी न पेरता कलम आणावे. बियांची झाडे मूळ झाडासारखीच निपजतील असा नेम नसतो. परसासाठी 'लखनौ 49', ज्याला 'सरदार' असेही म्हणतात, ही जात मला विशेष आवडते. झाड बुटके व पसरट राहते, त्यामुळे छाटणी आणि तोडणी जमिनीवरून होते. नाव लखनौचे असले तरी ही जात पुण्याची. लखनौहून आणलेल्या बियांच्या रोपांतून ती 1927 मध्ये गणेशखिंडीच्या फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी निवडली. जन्म एका गावचा, नाव दुसऱ्याचे, आणि रुजली ती देशभर. आपल्यासारख्या कुटुंबांना तिचे वेगळे कौतुक सांगावयास नको.

तिसऱ्या वर्षीच्या मार्गशीर्षात आमच्या झाडावरून पहिली टोपली उतरली. फळे पावसाळ्याहून संख्येने कमी होती, परंतु फिकट पिवळी, घट्ट आणि दुरून वास यावा अशी. सासूबाईंनी पहिले फळ सासऱ्यांच्या तसबिरीपुढे ठेवले, दुसरे मीठ-तिखट लावून मुलांच्या हाती दिले. संक्रांतीच्या वाणात त्या वर्षी पेरूची जेली होती. हिवाळी फळ जेलीला चांगले, कारण त्यात ती घट्ट आणणारे पेक्टिन अधिक असते. कुंपणावर शेजारची मुले पुन्हा दिसू लागली, आणि त्यांना रागावण्याचे आम्ही सर्वांनीच टाळले.

गाडी अजून रस्त्यावर उभी असते. नवे पंचांग घरात आले की सासूबाई अक्षय तृतीयेच्या तिथीला पेन्सिलीने खूण करतात आणि ओट्याकडच्या फांदीला तांबडा दोरा बांधून ठेवतात, म्हणजे शिडीवर चढल्यावर माझी चूक होऊ नये.